‘लगेच’ म्हणजे नक्की कधी? इंग्लिशमधली घाई पोर्तुगीजमध्ये नेताना

पोर्तुगीजची बी-टू लेव्हल झालीय किंवा होत आलीय आणि आता ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीत नाहीतर घरी बसून ट्रान्सलेशनचं काम सुरू करायचंय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी ठाण्यात मानपाड्याला राहते आणि गेली अकरा वर्षं इंग्लिशमधून पोर्तुगीजमध्ये हेच करतेय, औषधांची माहितीपत्रकं, मशिनची मॅन्युअल्स, न्हावाशेवाहून निघणाऱ्या कंटेनरचे मेल, ॲपमधली बटणं, जे येईल ते. नवीन माणूस अवघड टेक्निकल शब्दांत फारसा अडकत नाही, ते तो डिक्शनरीत बघतो. तो अडकतो नाऊ, सून, शॉर्टली, इमिजिएटली, अर्जंट, ए-सॅप (ॲज सून ॲज पॉसिबल) असल्या रोजच्या शब्दांत, कारण हे आपल्याला येतातच असं वाटतं म्हणून बघतच नाही कोणी. आणि चुकलं तरी वाक्य व्याकरणाने एकदम ठीक दिसतं, रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतं, आणि तिकडे वाचणारा एकतर उगाच धावपळ करतो नाहीतर धावायचं तेव्हा बसून राहतो.

पोर्तुगीज शब्द इथे देवनागरीत, स्पेलिंगला धरून लिहिलेत. उच्चार साओ पाउलोला वेगळे, लिस्बनला वेगळे, त्यात आत्ता पडायला नको. ‘झ’ दिसला की काही ठिकाणी तो ‘ट्रेझर’मधल्यासारखा म्हणायचा आणि काही ठिकाणी ‘झाड’मधल्यासारखा, ते तुम्ही क्लासमध्ये शिकला असालच.

पहिली पायरी: कुठली पोर्तुगीज, आणि तिकडे किती वाजलेत

फाइल उघडायच्या आधी विचारायचं, ब्राझील की पोर्तुगाल. अंगोला, मोझांबिकची ऑफिशियल भाषाही पोर्तुगीजच, आणि तिथलं लिखाण साधारण पोर्तुगालच्या वळणाने जातं. बाकीच्या शब्दांत एखादा फरक राहिला तर समोरचा समजून घेतो, पण घाईच्या शब्दांत तोच शब्द इकडे ‘लगेच’ आणि तिकडे ‘संध्याकाळी बघू’ असा निघतो, पुढे सांगतेच.

वेळेचा हिशोब एकदा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून टाका. ब्राझीलमध्ये ब्रासिलियाची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, आणि २०१९ पासून तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढेमागे करणं बंद झालंय त्यामुळे हे साडेआठ वर्षभर तसंच राहतं. लिस्बन थंडीत साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. मोझांबिक साडेतीन, अंगोला साडेचार. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला इकडे ट्रान्स-हार्बरला गर्दी सुरू होते तेव्हा साओ पाउलोत सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि लोक नुकते ऑफिसात येऊन बसत असतात. ‘बाय एंड ऑफ डे’ असं वाक्य आलं तर कोणाचा डे? तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. म्हणून मी ‘दिवस संपेपर्यंत’ असं कधी ठेवतच नाही, क्लायंटला विचारते आणि सरळ वेळ घालते, ‘आते आस १८ ओरास, ओरारियो दे ब्रासिलिया’, आणि पोर्तुगालसाठी ‘ओरा दे लिझबोआ’. दोन शब्द जास्त लागतात पण मग कोणी कोणाची वाट बघत बसत नाही.

दुसरी पायरी: मध्ये मराठी लिहा

हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मलाच सापडलं, आणि या पूर्ण लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. इंग्लिश वाक्यावरून थेट पोर्तुगीजवर उडी मारू नका, मध्ये एक कॉलम मराठीचा करा आणि त्यात लिहा की हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय आणि आपल्याकडे तो काय म्हणाला असता.

कारण घाईच्या बाबतीत आपली भाषा इंग्लिशपेक्षा खूप बारीक मोजते. घरातलंच बघा ना. आई गॅसजवळून ओरडते ‘आलेच’, म्हणजे निघालेली नाहीये पण आता दुसरं काही हातात घेणार नाही. ‘येते हं’ म्हणजे पोळ्या होऊ देत आधी. ‘येईलच एवढ्यात’ हे तिसऱ्याच माणसाबद्दल आणि त्यात आपली काही गॅरंटी नाही. ‘येईन’ म्हणजे येईन कधीतरी. ‘बघते’ म्हटलं की तो विषय संपला. इंग्लिशमध्ये यातल्या तीन-चार ठिकाणी ‘सून’च येईल, पोर्तुगीजमध्ये मात्र प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, म्हणजे मराठीतून गेलात तर बरोबर दारात जाऊन उभे राहता.

उदाहरण घ्या, ‘वी विल कनेक्ट यू शॉर्टली’ आणि ‘वी विल काँटॅक्ट यू शॉर्टली’. शॉर्टली तोच. पहिलं वाक्य फोन कानाला लावून थांबलेल्या माणसासाठी आहे, आपल्याकडे बाई म्हणेल ‘एक मिनिट हं, लगेच जोडून देते’, तर ब्राझीलला ‘एं इन्स्तांतेस’ आणि पोर्तुगालला ‘देंत्रो दे मोमेंतोस’. दुसरं बँकेचं वाक्य, ‘आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू’, तो फोन ठेवून जेवायला गेला तरी चालेल, इथे ‘एं ब्रेवे’. दोन्हीकडे ‘एं ब्रेवे’ टाकलंत तर फोनवरचा माणूस वैतागून फोन ठेवून देईल.

तिसरी पायरी: ‘झा’ नीट समजून घ्या

‘झा’, म्हणजे जे आणि त्यापुढे ए, ए वर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ. दोन अक्षरांचा शब्द आहे, पण यावर मी एक अख्खा आठवडा घालवा म्हणेन.

‘झा’ म्हणजे आत्ता, लगेच. ‘झा’ म्हणजे आधीच, झालंय. ‘झा कोमी’, जेवलेय मी. ‘झा वोउ’, आलेच. इंग्लिश माणसाला हे विचित्र वाटतं की ऑलरेडीचा शब्द नाऊसाठी कसा, आपल्याला वाटायचं काही कारण नाही, आपण ‘आलोच’ म्हणताना भूतकाळ वापरतो आणि पाय अजून घरातच असतात. आणि ‘झा नाओ’ म्हणजे ‘आता नाही’ या अर्थी, पूर्वी होतं आता राहिलं नाही, हे पोर्तुगालमध्ये जास्त, ब्राझीलमध्ये लोक ‘नाओ ... माइस’ म्हणतात.

आता जिथे आपला कान आपल्याला फसवतो ते. मराठीत शब्द डबल केला की जोर वाढतो, आत्ताच्या आत्ता, लगेचच्या लगेच. त्यामुळे ब्राझीलमध्ये कोणी ‘झा झा’ म्हटलं की वाटतं बापरे फारच घाई आहे. उलट आहे. ‘झा’ म्हणजे लगेच, ‘झा झा’ म्हणजे थोड्या वेळात, होईल, बस जरा. ‘आगोरा’ म्हणजे आता, ‘आगोरा मेस्मो’ म्हणजे आत्ता, आणि हा अगदी आपल्या ‘आत्ता’सारखा दोन्हीकडे चालतो, आत्ता गेली आणि आत्ता जाते. ब्राझीलचं लाडाचं ‘आगोरीन्या’ही तसंच, मागचंही सांगतं आणि पुढचंही, बाजूचं क्रियापद बघूनच कळतं.

आणि ‘पारा झा’. यावर मी स्वतः पडलेय. कामाच्या तिसऱ्या वर्षी लिस्बनच्या एका क्लायंटचा शुक्रवारी दुपारी मेल आला, पॅकिंग मशिनच्या मॅन्युअलसाठी, ‘पारा झा, पोदे त्रादुझिर सो ओ कापितुलो ३’. माझं पोर्तुगीज ब्राझीलच्या वळणाचं, ब्राझीलमध्ये ‘ए प्रा झा’ म्हणजे आत्ताच्या आत्ता पाहिजे, वेटरला ऑर्डर दिली की तो म्हणतो ना ‘आणतोच’, ते. मी वाचलं ‘आत्ताच्या आत्ता तिसरं प्रकरण करून द्या’. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता, घरात पंधरा पोरं, मी केक कापून झाल्यावर आत जाऊन बसले ती पहाटे तीनला उठले आणि फाइल पाठवून दिली. सोमवारी उत्तर आलं, फार आदराने लिहिलेलं, की थँक्यू पण शनिवारी त्या प्रकरणाचं इंग्लिशच बदललंय, नवीन पाठवतो, आणि अहो घाई काहीच नव्हती. पोर्तुगालमध्ये ‘पारा झा’ म्हणजे ‘सध्यापुरतं’, ‘तूर्तास’. तो एवढंच म्हणत होता की तूर्तास तिसरंच करा, बाकीचं नंतर बघू. पोरीने फुगे फोडले तेव्हा मी तिथे नव्हते, ते मला अजून लागतं. म्हणून सांगतेय, ‘झा’च्या आधी कुठला छोटा शब्द आलाय तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘देस्दे झा’ म्हणजे आत्तापासून, आणि पत्राच्या शेवटी ‘देस्दे झा आग्रादेसो’ म्हणजे आगाऊ आभार. ‘आते झा’ हे पोर्तुगालमध्ये निरोप घेताना, भेटू थोड्याच वेळात.

चौथी पायरी: ‘लोगो’ आणि बाकीचे लवकर

‘लोगो’ ब्राझीलमध्ये लवकरच. पोर्तुगालमध्ये ‘लोगो’ म्हणजे आज, पण नंतर. ‘फालामोस लोगो’ असं लिस्बनच्या माणसाने सकाळी लिहिलं तर तो दुपारनंतर किंवा संध्याकाळी बोलू म्हणतोय, फोन हातात घेऊन बसू नका. ‘लोगो के’ मात्र दोन्हीकडे ‘अमुक झालं की लगेच’ या अर्थी, म्हणजे ‘माल पोचला की लगेच’ यासाठी, पण ब्राझीलला ‘आसिं के’ जास्त सहज वाटतं. आणि तिसरा अर्थ, ‘लोगो’ म्हणजे म्हणून, सबब. लीगल कागदात दिसला तर तो घाईचा शब्द नसतोच बऱ्याचदा.

बोलण्यात ‘थोड्या वेळाने’साठी ‘दाकी आ पोको’ सगळीकडे चालतं, ‘दाकी आ बोकादो’ फक्त पोर्तुगाल. ‘एं ब्रेवे’ लिखाणातलं, घोडबंदर रोडला नव्या टॉवरच्या पत्र्यावर ‘लवकरच येत आहे’ लिहितात तसं, तारीख न देता सांगायचं तेव्हा. पोर्तुगालमध्ये बंद शटरवर ‘ब्रेवेमेन्ते’ही लावलेलं दिसेल.

ज्यांनी आधी स्पॅनिश केलंय त्यांनी ‘प्रोंतो’पासून सांभाळा. स्पॅनिशमध्ये ते लवकर, पोर्तुगीजमध्ये ते तयार. ‘एस्ता प्रोंतो’ म्हणजे झालंय, तयार आहे, ‘लवकर होईल’ नव्हे, आणि तयार झाल्याचा मेल गेला की ट्रक निघतो. पोर्तुगालमध्ये बोलताना मध्येमध्ये ‘प्रोंतो’ येतं ते आपल्या ‘बरं’, ‘झालं’ सारखं. आणि पैशांत ‘आ प्रोंतो’ म्हणजे रोख, एकदम, हप्ते नाहीत. ब्राझीलमध्ये त्यालाच ‘आ विस्ता’. इनव्हॉइसवर ‘पेएबल इमिजिएटली’ आलं तर हे बघायचं, ‘इमेदियातामेन्ते’ लिहून मोकळं व्हायचं नाही. पैशांचा विषय निघालाच आहे तर, पैसे देणे याला पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ म्हणतात आणि आपला पगार तिथूनच आलाय, पाव, बटाटा, चावी, घमेलं, लिलाव हेही तसेच. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तोपर्यंत इथे पोर्तुगीजांचाच अंमल होता, आज जिथे जेल आहे तो किल्ला त्यांनीच बांधायला घेतलेला. ही भाषा आपल्याला वाटते तितकी लांबची नाहीये, घाबरू नका.

पाचवी पायरी: सारखे दिसणारे शब्द

इथे मशीन ट्रान्सलेशनच्या ड्राफ्टवर काम करणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या, कारण हल्ली बरंच काम तसंच येतं. ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी, उशिरा का होईना पण होणारच. ‘एवेंतुआलमेन्ते’ म्हणजे कदाचित, कधीमधी. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की तापमान वाढत राहिलं तर पंप इव्हेंच्युअली बंद होईल, तुम्ही लिहिलंत ‘एवेंतुआलमेन्ते’, वाचणारा समजतो झाला तर बंद होईल नाहीतर नाही. पोर्तुगालला ‘आकाबारा पोर देस्लिगार-से’, ब्राझीलला ‘आकाबारा देस्लिगांदो’, बंद होणारच.

‘मोमेंटरिली’ अमेरिकन कागदात बहुतेक वेळा ‘एका क्षणात’, ‘आत्ता लगेच’. ‘मोमेंतानेआमेन्ते’ म्हणजे क्षणभरापुरतं. सेवा लवकरच सुरू होईल असं सांगायचं होतं आणि छापलं गेलं की सेवा क्षणभर सुरू होईल. ‘ॲक्च्युअली’ आणि ‘आतुआलमेन्ते’ यांचा काही संबंध नाही, दुसरं म्हणजे सध्या. ‘इमिनेन्ते’ म्हणजे येऊन ठेपलेलं, ‘एमिनेन्ते’ म्हणजे थोर, एका अक्षराचा फरक, स्पेलचेक पकडत नाही कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

सहावी पायरी: अर्जंट, ए-सॅप आणि आपलं इंडियन इंग्लिश

ए-सॅपला ब्राझीलमध्ये ‘ओ माइस रापिदो पोसिवेल’ किंवा ‘ओ क्वांतो आंतेस’, पोर्तुगालमध्ये ‘ओ माइस देप्रेसा पोसिवेल’. ऑफिसच्या पत्रात ‘कों आ मायोर ब्रेविदादे पोसिवेल’, हे दोन्हीकडे शोभतं. ‘आसिं के पोसिवेल’ वापरताना जपून, त्यात ‘जमेल तेव्हा’ असा सूर आहे, खूपच घाई असेल तर ती त्यात पोचत नाही. ‘काल पाहिजे होतं’ असं आपण म्हणतो ना, ते त्यांच्याकडेही आहे, ‘ए पारा ओंतें’, पण ते बोलण्यातच ठेवा.

‘अर्जंट’ म्हणजे ‘उर्झेंते’, सोपं आहे, पण मेलच्या सब्जेक्टमध्ये ‘उर्झेंते’, पहिल्या ओळीत ‘उर्झेंते’, शेवटी परत ‘कों उर्झेंसिया’ असं करू नका, आपल्याकडचे इंग्लिश मेल तसेच येतात पण तिकडे ते अंगावर आल्यासारखं वाटतं. एकदाच लिहा आणि शेजारी कारण आणि वेळ लिहा. नुसतं ‘पागे झा’, आत्ता पैसे भरा, हे दुकानाच्या जाहिरातीत ठीक, थकबाकीच्या पत्रात उर्मट.

आता आपल्या बाजूची गंमत नाही, खरीच अडचण, आणि ही तिकडचा रिव्ह्यूअर कधीच पकडू शकणार नाही, आपणच पकडायची. टीटीसी बेल्टमधल्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, कंपन्यांचे मेल येतात त्यात ‘प्लीज रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट’ असतं. आपण त्याचा अर्थ लवकरात लवकर असाच घेतो. पण बाहेर ‘ऑन द फिफ्टीन्थ ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे पंधराच्या आधी नाही, उलटंच बंधन. एकाच मेलमध्ये दोन्ही आलेले मी बघितलेत. पहिल्याला ‘ओ क्वांतो आंतेस’, दुसऱ्याला ‘नुंका आंतेस दो दिया १५’. ‘ऑन प्रायॉरिटी’ला ‘कों प्रिओरिदादे’. आणि ‘प्रीपोन’, ज्याला बाहेरचे लोक हसतात, त्याला पोर्तुगीजमध्ये अगदी रोजचा शब्द आहे, ‘आंतेसिपार’.

ब्राझीलच्या कॉल सेंटरचं स्क्रिप्ट आलं तर ‘वोउ एस्तार त्रांस्फेरिंदो’ अशी रचना टाळा, म्हणजे ‘मी ट्रान्सफर करत असणार आहे’. ऐकणाऱ्याला वाटतं हे काम कधी सुरू होणार नाही आणि कधी संपणार नाही. लोक याला इतके कंटाळलेले की २००७ मध्ये राजधानीच्या जिल्ह्याच्या गव्हर्नरने, जोझे रोबेर्तो आरुदाने, सरकारी ऑफिसांतून हे ‘करत असणं’ बडतर्फ केल्याचा रीतसर अध्यादेशच काढला. ‘झा त्रांस्फिरो’ म्हणा, लगेच जोडते.

सातवी पायरी: जिथे जीव आहे तिथे शब्द आपला नाही

हॉस्पिटल, औषध, केमिकल. इथे सुचेल तो शब्द घालायचाच नाही.

‘इमर्जन्सी रूम’ ब्राझीलमध्ये ‘प्रोंतो-सोकोर्रो’, पोर्तुगालमध्ये ‘उर्झेंसिया’. ब्राझीलमध्ये ‘उर्झेंसिया’ आणि ‘एमेर्झेंसिया’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथल्या मेडिकल कौन्सिलने १९९५ मध्ये त्या लिहून ठेवल्यात. दोन्हीत डॉक्टर लगेच लागतो, पण ‘एमेर्झेंसिया’ म्हणजे जिवाला अगदी समोर उभा असलेला धोका किंवा असह्य यातना. म्हणून इंग्लिशमध्ये ‘इमर्जन्सी’ दिसला की सरळ ‘एमेर्झेंसिया’ असं करू नका, आजूबाजूचं वाचा. फोन नंबर भाषेबरोबर बदलतो हेही विसरतात लोक, पोर्तुगालला ११२, ब्राझीलला ॲम्ब्युलन्ससाठी १९२. आपला १०८ तसाच राहिलेला एक पत्रकाचा ड्राफ्ट माझ्यापुढे आलाय.

एक जवळून दाखवते. मँचेस्टरची ट्रायाज पद्धत आहे, कॅज्युअल्टीत आल्याआल्या पेशंटला रंग देतात, पोर्तुगाल आणि ब्राझील दोन्हीकडे वापरतात. इंग्लिशमध्ये लाल म्हणजे ‘इमिजिएट’, नारिंगी ‘व्हेरी अर्जंट’, पिवळा ‘अर्जंट’, हिरवा ‘स्टँडर्ड’, निळा ‘नॉन-अर्जंट’. पोर्तुगालमध्ये लाल ‘एमेर्झेंते’, नारिंगी ‘मुइंतो उर्झेंते’, पिवळा ‘उर्झेंते’, हिरवा ‘पोको उर्झेंते’, निळा ‘नाओ उर्झेंते’. बघा, ‘इमिजिएट’ला ‘इमेदियातो’ नाही केलं आणि ‘स्टँडर्ड’ला ‘कमी अर्जंट’ केलं. प्रत्येक रंगाला मिनिटं ठरलेली आहेत, लाल लगेच, नारिंगी १०, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. म्हणजे ‘अर्जंट’ असं लिहिलेल्या पेशंटला एक तास थांबावं लागू शकतं, आणि हे शब्द डिक्शनरी बघून लावले तर नर्सच्या हातातला तक्ता आणि तुमचं पत्रक जुळणार नाही. शब्दापेक्षा मिनिटं बघा, मग शब्द आपोआप सापडतो.

केमिकलच्या सेफ्टी डेटा शीटलाही असंच. डब्यावर ‘डेंजर’ला ‘पेरिगो’, ‘वॉर्निंग’ला ‘आतेंसाओ’, हे ठरलेलं आहे, ‘आविझो’ वगैरे नाही. युरोपियन युनियनच्या २००८ च्या लेबलिंगच्या नियमात अशा सगळ्या वाक्यांचं पोर्तुगीज छापलेलं आहे, ‘ताबडतोब डॉक्टरला दाखवा’, ‘कपडे लगेच काढा’ सगळं, ते जसंच्या तसं उचलायचं, एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. ब्राझीलसाठी क्लायंटकडून तिकडचं मंजूर लेबल मागून घ्या.

आठवी पायरी: मुदत

डेडलाइन म्हणजे ‘प्राझो’. ‘बाय फ्रायडे’ला ‘आते सेस्ता-फेइरा’. ‘विदिन ट्वेंटी-फोर अवर्स’ म्हणजे २४ तासांच्या आत, ब्राझीलला ‘एं आते २४ ओरास’, पोर्तुगालला ‘नो प्राझो दे २४ ओरास’. ‘इन ट्वेंटी-फोर अवर्स’ म्हणजे २४ तासांनी असेल तर ‘दाकी आ २४ ओरास’. मराठीत ‘तासात’ आणि ‘तासाने’ एवढाच फरक आहे बघा, ‘त’ आणि ‘ने’, कॉलममध्ये मराठी लिहिलेलं असलं की इथे चूक होत नाही.

वारांकडे नीट बघा. त्यांचा सोमवार म्हणजे ‘सेगुंदा’, दुसरा. मंगळवार ‘तेर्सा’, तिसरा, मग ‘क्वार्ता’, ‘किंता’, शुक्रवार ‘सेस्ता’, सहावा. ते रविवारपासून मोजतात. आपण सोमवार पहिला धरून बसलो की ‘क्वार्ता’ गुरुवार वाटतो आणि काम एक दिवस उशिरा जातं. हे पहिल्या वर्षी सगळ्यांचं होतं.

पण पुढचं आपल्याला फुकट मिळालंय. ‘दाकी आ ओइतो दियास’ शब्दशः आठ दिवसांनी, अर्थ एक आठवड्याने. ‘किंझे दियास’ पंधरा दिवस, अर्थ दोन आठवडे. इंग्लिशमधून शिकणारा माणूस बोटं मोजत बसतो, आपण आजीकडून तेच ऐकलंय, आठ दिवसांनी ये, पंधरा दिवसांनी बघू. इंग्लिशमध्ये ‘वन वीक’ असेल आणि मजकूर घरगुती असेल तर ‘ओइतो दियास’ बिनधास्त, करारात असेल तर मात्र ‘सेते दियास’, सात, आकड्यात लिहून.

नववी, छोटी: जिथे इमिजिएट म्हणजे वेळ नाही

‘इमिजिएट फॅमिली’ जवळचे नातेवाईक, ‘इमिजिएट बॉस’ थेट वरचा, ‘शेफे दिरेतो’. ‘इन्स्टंट कॉफी’ ‘काफे सोलुवेल’, विरघळणारी. ‘लाइव्ह’ ब्राझीलला ‘आओ वीवो’, पोर्तुगालला ‘एं दिरेतो’. बँकेत ब्राझीलला ‘पागामेंतो इन्स्तांतानेओ’, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे पिक्स सुरू झालं तेव्हापासून हे घराघरात आहे, आपल्या यूपीआयसारखं, आणि पोर्तुगालला त्याच तऱ्हेच्या व्यवहाराला ‘त्रांस्फेरेंसिया इमेदियाता’. ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ला ‘कों एफेइतो इमेदियातो’, पण कायद्याच्या शेवटच्या कलमात ठरलेली वाक्यं असतात, ब्राझीलमध्ये कायदा ‘प्रसिद्ध झाला त्या तारखेला’ लागू होतो असं आणि पोर्तुगालमध्ये बऱ्याचदा ‘प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी’. एका दिवसाचा फरक आहे, स्वतःच्या मनाने बदलू नका.

दहावी: पाठवायच्या आधी

फाइलमध्ये शोध घ्या, ‘झा’, ‘लोगो’, ‘प्रोंतो’, ‘एं ब्रेवे’, ‘एवेंतुआलमेन्ते’ हे पाच एकेक करून टाका आणि प्रत्येक ठिकाणी मराठीच्या कॉलमशी ताडून बघा. माझी वीस पानांची फाइल असेल तर पंधरा मिनिटं लागतात. शंका आली तर प्रिबेरामची डिक्शनरी फुकट आहे आणि पोर्तुगालचा वापर कुठला, ब्राझीलचा कुठला ते त्यात दिलेलं असतं. वापराच्या प्रश्नांसाठी सिबेरदुविदास ही प्रश्नोत्तरांची वेबसाइट, १९९७ पासून चालू आहे, तुमचा प्रश्न बहुतेक आधी कोणीतरी विचारलेला असतो. सरकारी, कायद्याची भाषा असेल तर युर-लेक्सवर, म्हणजे युरोपियन युनियनच्या कायद्यांच्या वेबसाइटवर, इंग्लिश आणि पोर्तुगीज शेजारी-शेजारी लावून वाचता येतं, फक्त ती पोर्तुगालची पोर्तुगीज आहे हे ध्यानात ठेवा.

आणि तरी कळलं नाही तर क्लायंटला विचारा, लाजू नका. नवीन असताना वाटतं आपल्याला येत नाही असं दिसेल. मी काय लिहिते ते सांगते, तसंच्या तसं वापरा: ‘पान ४, ओळ १२, इथे सून लिहिलंय. वाचणाऱ्याने पुढच्या काही मिनिटांत काही करायचंय, आजच्या दिवसात करायचंय, की तारीख अजून ठरलेली नाही? तिन्हींसाठी पोर्तुगीजमध्ये शब्द वेगळा आहे.’ याला उत्तर साधारण तासाभरात येतं, कारण निम्म्या वेळा ते लिहिणाऱ्यानेही ठरवलेलं नसतं आणि तुमचा मेल बघून तोच बाजूच्या टेबलावर जाऊन विचारतो.